शमीवरची शस्त्रे

शस्त्राला धार लावण्याविषयी आपल्या भाषेत पुष्कळ बोलले गेले आहे. शस्त्र उपसावे कसे, परजावे कसे, म्यान कधी करावे आणि खाली कधी ठेवावे, या सगळ्यांसाठी आपल्याजवळ शब्द आहेत, म्हणी आहेत, पोवाडे आहेत. परंतु कारखान्यातून नवे कोरे आलेले शस्त्र, त्याच्या अंगावरचे वंगण पुसून, वापरण्याजोगे करणे या कृतीकडे मात्र कोणी फारसे वळून पाहिलेले नाही. कृती आहेच तशी किरकोळ. भांड्यावरचा कागद काढावा, नव्या विळीचे पाते धुऊन घ्यावे, तशातलीच. तरी गेली दोन वर्षे ती माझ्या मनात घर करून राहिली आहे, आणि या अंकाच्या निमित्ताने मी ती वाचकांपुढे ठेवणार आहे.

फराळाच्या ताटाशेजारी बंदुकीचा विषय बरा दिसत नाही, असे कोणी म्हणेल. त्यांना एवढेच सांगतो, की याच चार दिवसांत आपण आपल्या मुलांच्या हातात हौसेने टिकल्यांचे पिस्तूल देतो. मुलगा ते बापाच्या छातीवर रोखतो, बाप "मेलो, मेलो" म्हणत पलंगावर पडतो, आणि आई स्वयंपाकघरातून हसते. त्यात गैर काही नाही. पण जी वस्तू आपण मुलांच्या खेळण्यात बसवली आहे, तिच्याविषयी मोठ्यांनी एकदा तरी मन लावून विचार करायला हरकत नसावी.

प्रथम या वंगणाविषयी. १८५९ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया प्रांतात टायटसव्हिल या गावी खनिज तेलाची विहीर लागली. तिथे रॉबर्ट चेसब्रो नावाचा एक तरुण रसायनज्ञ गेला. पंपाच्या दांड्यांवर एक मेणचट थर साचे आणि यंत्र अडे. म्हणून कामगार त्या थराला शिव्या घालीत. पण हात कापला किंवा भाजला, की तेच कामगार तोच थर खरवडून जखमेवर चोपडीत. चेसब्रोने तो थर घरी नेला, शुद्ध केला आणि १८७२ साली त्याचे पेटंट घेतले. थंडीत आपण मुलांच्या ओठांना लावतो ते व्हॅसलीन ते हेच. कॉस्मोलिन ही त्याची चुलत बहीण. आरंभी तीही जखमेवरचे मलम म्हणून विकली जाई. पुढे सैन्याला तिचा दुसरा गुण कळला. पोलादावर तिचा जाड थर दिला, की हवा आणि पाणी आत शिरत नाही आणि गंज चढत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या रायफली तिने माखून पेट्यांत भरून ठेवल्या गेल्या, आणि कित्येक वर्षांनी पेट्या फोडल्या तेव्हा आतले पोलाद कालच्यासारखे ताजे निघाले. आजच्या कारखान्यांतली वंगणे वेगळी असतील, पण जात तीच. जखम भरून आणणारे मलम आणि जखम करणाऱ्या वस्तूला जपणारे मलम ही अशी एकाच विहिरीच्या पोटची. मला यात उपहास दिसत नाही. खनिजाला आपली बाजू नसते, एवढेच दिसते.

हे वंगण शस्त्राला वाचवते खरे, पण ते अंगावर असेतो शस्त्र शस्त्र नसते. नळीत दाट वंगण राहिले तर गोळीची वाट अडते, आतला दाब वाढतो आणि नळी फुटून उडवणाराच जखमी व्हायचा. आघात करणाऱ्या कळीच्या मार्गात ते साचले तर घाव लुळा पडतो आणि काडतूस पेटतच नाही. म्हणून वापरण्यापूर्वी ते संपूर्ण काढावे लागते. आणि काढले की दुसरी पंचाईत. उघड्या पोलादाला आता माणसाचा हात लागतो. हाताच्या घामात मीठ असते. एवढ्यानेही गंज धरतो. म्हणून वंगण पुसून झाल्यावर पातळ तेलाचा एक पुसट हात फिरवावा लागतो, आणि तो पुनःपुन्हा फिरवीत राहावा लागतो. वंगणात बुडालेले शस्त्र वर्षानुवर्षे कोणाकडे काही मागत नाही. पुसलेले शस्त्र मात्र घरातल्या तान्ह्या मुलासारखे लक्ष मागू लागते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

मी हे सारे पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या तालुक्याच्या गावी एक सराफ आहेत. त्यांना सगळे आप्पा म्हणतात, मीही म्हणतो. त्यांचा धाकटा मुलगा माझ्या वर्गात होता. एका संध्याकाळी पेढी बंद करून घाटातून घरी येताना दोन मोटारसायकली बराच वेळ त्यांच्या मागे राहिल्या. घडले काहीच नाही. पण आप्पांची झोप गेली. त्यांनी परवान्यासाठी अर्ज केला; चौकशी झाली, जबाब झाले, महिन्यांमागून महिने गेले, आणि शेवटी कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनलेले बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर घरी आले. सर्वसामान्य नागरिकाला परवान्यावर मिळते ते बहुधा याच मापाचे. ते उघडायचे कसे आणि स्वच्छ करायचे कसे, हे आप्पांना ठाऊक नव्हते. म्हणून त्यांनी आमच्या आळीतल्या सुभेदारतात्यांना बोलावले, आणि सोबतची इंग्रजी पुस्तिका मोठ्याने वाचून अर्थ सांगायला मला. मी मॅट्रिकपर्यंतच शिकलेला मास्तर. कादंबऱ्या लिहितो म्हणून लोक मला विद्वान समजतात. शब्दकोश घेऊन गेलो.

पुस्तिकेची फारशी गरज पडली नाही. तात्यांनी अठ्ठावीस वर्षे मराठा पलटणीत काढली आहेत. त्यांनी पहिल्यांदा माजघरातून मुलांना बाहेर काढले. मग नळीचे तोंड भिंतीकडे धरून खटका दाबला, तशी ती वस्तू मधोमध मोडल्यासारखी उघडली. सहाही घरे रिकामी आहेत हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले, मग करंगळीने चाचपले आणि मग आप्पांना पाहायला लावले. "कोरं असलं तरी बघायचं," ते म्हणाले. "रिकामं आहे म्हणून सांगितलेल्या बंदुकीनंच माणसं मरतात." त्यानंतर जुन्या धोतराच्या चिंध्या, दात घासायचा एक झिजलेला ब्रश आणि वाटीत टर्पेंटाइन. वरचा जाड थर त्यांनी कोरड्या चिंधीने निपटून काढला. मग ओल्या चिंधीने सांदीकोपरे. नळीत मागच्या बाजूने काडी घालून चिंधी पुढून काढायची. पहिली आली ती मधासारख्या रंगाची, दुसरी पिवळी, पाचवी की सहावी पांढरी. चिंधी पांढरी येईतो थांबायचे नाही. मग सहा घरे, एकेक. मग सगळे कोरडे करून तेलाचा पुसट हात. अर्ध्यापाऊण तासाचे काम. शेवटी तात्यांनी ते दिव्याकडे धरले, आणि आतापर्यंत मेणाचा गोळा वाटणारी ती वस्तू एकदम काळीनिळी लखलखली. आप्पांच्या तोंडून नकळत शब्द गेला, "वा!"

त्या "वा"ने मला विचारात पाडले. काय झाले होते? एक वस्तू स्वच्छ झाली होती. आपल्याकडे स्वच्छता हा गुणच आहे. आम्ही तिघांनी कोणाचे वाईट चिंतले नव्हते, कोणाला दुखवले नव्हते. तरीही दिवेलागणीला जे त्या घरात नव्हते ते रात्री जेवणाच्या वेळेला होते. कारखान्याने पोलाद दिले, सरकारने परवाना दिला. पण त्या पोलादाचे शस्त्र झाले ते त्या माजघरात, आमच्या डोळ्यांदेखत, धोतराच्या चिंधीने. मग त्याच्या पुढच्या बऱ्यावाईटात त्या चिंधीचा वाटा किती?

यावर तयार उत्तर असे, की शस्त्र तटस्थ असते, चांगलेवाईट असते ते मन. सुरीने भाजी चिरता येते आणि गळाही. आपली मराठी या मताच्या बाजूने साक्ष देते असे प्रथम वाटते. सुताराची पटाशी हत्यार, न्हाव्याचा वस्तरा हत्यार आणि लढणाऱ्याची तलवारही हत्यारच. 'हत्यार' हा शब्द ऐकताना कानाला 'हत्या' ऐकू येते, पण त्याचे नाते 'हाता'शी आहे. जे हातात धरायचे ते हत्यार. खंडेनवमीला आपण कोयता, करवत, पाटी-पुस्तक आणि असेल तर तलवार एकाच पाटावर मांडतो आणि एकाच झेंडूने पूजतो, त्यामागचा भाव हाच असावा.

मात्र हे उत्तर पुरे पडत नाही. सुरीला भाजी आहे, वस्तऱ्याला दाढी आहे, कोयत्याला ऊस आहे. दिवसातले शंभर वेळा त्यांचा उपयोग होतो आणि एकदाही कोणी मरत नाही. रिव्हॉल्व्हरला घरात दुसरे काम नाही. त्याने नारळ फुटत नाही की खिळा ठोकता येत नाही. माणसावर रोखणे, किंवा रोखता येईल हे दुसऱ्याला कळणे, यापलीकडे त्याला प्रयोजन नाही. तटस्थ म्हणायला वस्तूपुढे निदान दोन वाटा तरी हव्यात. हिचा हेतू तिच्या घडणीतच ओतलेला आहे. आपण फक्त त्यावरचे झाकण काढतो.

झाकण काढणाऱ्याला कायदा कुठवर विचारतो? महाराष्ट्राला ठाऊक असलेलेच उदाहरण घेऊ. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे या तरुणाने जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. पिस्तूल ब्राउनिंग जातीचे, सावरकरांनी लंडनहून गुप्तपणे पाठवलेल्या वीस पिस्तुलांपैकी. कान्हेरे आणि त्यांचे दोन सहकारी फासावर गेले. आणि हजारो मैलांवर असलेल्या सावरकरांनाही १९११ साली, ही पिस्तुले पाठवून खुनाला साहाय्य केले म्हणून, दुसऱ्या जन्मठेपेची शिक्षा झाली. त्या कृत्याकडे देशभक्तीच्या नजरेने पाहणारे पाहतात, न पाहणारे पाहत नाहीत. तो वाद मी इथे काढीत नाही. मला दिसते ते एवढेच, की कायदा चाप ओढणाऱ्या बोटापाशी थांबला नाही. तो त्या पिस्तुलाचा माग काढीत मागे मागे गेला, आणि जिथे 'ठाऊक होते' हे त्याला सिद्ध करता आले तिथवर गेला. त्यापलीकडे पिस्तूल बनवणारा बेल्जियममधला कारागीर होता. त्याला कोणी विचारले नाही, कारण त्याला काही ठाऊक नव्हते.

ही कसोटी मला न्यायाची वाटते. हात कितव्या क्रमांकाचा होता हे न पाहता, त्या हाताला काय ठाऊक होते हे पाहावे. तिने आमच्या माजघराकडे पाहिले तर काय निघते? आप्पा सज्जन आहेत, हे आम्हांला ठाऊक होते. त्यांचा कोणाशी दावा नाही, हेही. पण आणखी एक गोष्ट आम्हांला ठाऊक होती: आप्पा भ्यालेले आहेत. आणि भ्यालेल्या माणसाच्या हातात आम्ही ती लखलखीत वस्तू दिली. त्यांना ती नाकारण्याचा अधिकार आम्हांला नव्हता. आम्ही गेलो नसतो तर त्यांनी दुसऱ्या कोणाला बोलावले असते, आणि त्याने कदाचित सहा घरे पाहायला सांगितलेही नसते. तेव्हा जे केले ते योग्यच केले असे मी आजही मानतो. पण योग्य करणे आणि मोकळे होणे या दोन गोष्टी एक नव्हेत. तुम्ही जे सज्ज करता त्याच्याशी तुमचे काही नाते राहतेच.

आता दुसरा, माझ्या मते अधिक खोल प्रश्न. माणूस शस्त्राचे काय करील, हे आपण नेहमी विचारतो. शस्त्र माणसाचे काय करते? हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी एका स्त्रीने विचारला आहे. वाल्मीकींच्या अरण्यकांडात, दंडकारण्यातल्या ऋषींना रामाने राक्षसवधाचे वचन दिल्यावर सीता त्याला अडवते. वैरावाचून हिंसा करणे हे पाप आहे आणि धनुष्य हातात घेऊन अरण्यात शिरलास तर तू त्या पापाच्या जवळ जाशील, असे ती म्हणते. आणि मग एक गोष्ट सांगते. एक तपस्वी होता. त्याच्या तपाला भ्यालेला इंद्र योद्ध्याच्या वेषात आला आणि आपले उत्तम खड्ग त्याच्याकडे ठेव म्हणून ठेवून गेला. दुसऱ्याची ठेव हरवू नये म्हणून तपस्वी ते खड्ग सतत जवळ बाळगू लागला. कंदमुळे आणायला गेला तरी खड्ग बरोबर. हळूहळू त्याची बुद्धी पालटली, तो क्रूर झाला आणि नरकाला गेला.

ही गोष्ट मी मुलांना अनेकदा सांगितली असेल. पण तिचे मर्म मला आप्पांच्या रिव्हॉल्व्हरमुळे कळले. त्या तपस्व्याला खड्गाचा मोह पडला, असे वाल्मीकी कुठे म्हणत नाहीत. तो रागीट नव्हता, लोभी नव्हता. तो काळजीवाहू होता. ठेव जपणे हा धर्म आहे, आणि धर्म पाळता पाळताच तो ढळला. म्हणजे शस्त्र मनात शिरते ते रागाच्या दाराने नव्हे. ते शिरते काळजीच्या दाराने. मघाशी मी म्हटले होते, की पुसलेले शस्त्र लक्ष मागू लागते. ते कुठे ठेवले आहे, किल्ली कोणाकडे आहे, मुले तर शिरली नाहीत, तेल कधी लावले, पावसाळ्यात गंज तर नाही? रोज ज्याची इतकी चौकशी करावी लागते ते माणसाच्या मनात मोठे होत जाणारच. आईला मूल प्रिय होते त्यात काळजीचा वाटा काही थोडा नसतो.

आप्पांचे तसेच झाले. ते क्रूर झाले नाहीत. तसे म्हणणे अन्याय होईल. पण एकदा त्यांच्या घरी गेलो असता वहिनी चहा देताना हळूच म्हणाल्या, "मास्तर, पूर्वी दार वाजलं की हे इथूनच ओरडायचे, 'कोण आहे?' हल्ली दार वाजलं की गप्प होतात. ऐकत राहतात." एवढेच बोलल्या आणि आत गेल्या. मी तीन कादंबऱ्या लिहिल्या आहेत, पण या दोन वाक्यांइतके नेमके लिहायला मला जमलेले नाही. 'कोण आहे?' हा प्रश्न आहे. त्यात दारापलीकडच्या माणसाला उत्तर द्यायला जागा असते. दूधवाला असेल, पाहुणा असेल, शेजारचे पोर असेल. गप्प राहून ऐकणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेले असते. भीती घालवण्यासाठी आणलेली वस्तू भीतीला घरात बसायला पाट मांडून देते, ती अशी.

पण सीतेचे बोलणे इथे संपत असले तरी प्रकरण संपत नाही. रामाने तिला उत्तर दिले आहे आणि तेही लक्षपूर्वक ऐकण्यासारखे आहे. तो तिच्यावर रागावत नाही. तू हे स्नेहाने बोललीस, असे म्हणतो. मग सांगतो, की ऋषी स्वतः शरण आले, त्यांना खाऊन टाकले जात होते; क्षत्रिय धनुष्य धरतो ते आर्तांची हाक उठू नये म्हणून. हे खोटे आहे काय? मुळीच नाही. ज्याच्या मागे घाटात दोन मोटारसायकली लागलेल्या नाहीत त्याने आप्पांना अहिंसा शिकवू नये. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत जे घडले त्यानंतर, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्याच सरकारी कारखान्यातून स्त्रियांसाठी म्हणून एक हलके रिव्हॉल्व्हर निघाले. वजन अर्धा किलो, किंमत सुमारे एक लाख बावीस हजार, नाव 'निर्भीक'. त्या वेळी पुष्कळांनी विचारले, की स्त्रीला निर्भय करण्याचे काम समाजाचे आणि पोलिसांचे, ते तिच्याच पर्समध्ये आणि तिच्याच खर्चाने का टाकता? प्रश्न रास्त होता. पण रस्त्यात एकटी सापडलेल्या मुलीला त्या प्रश्नाचा त्या घटकेला काय उपयोग? रामाचे उत्तर तिच्यासाठी आहे.

मग सीता खरी की राम खरा? मला वाटते दोघेही खरे, आणि दोघांना एकत्र नांदवण्याची युक्ती मला सुभेदारतात्यांनी सांगितली. मी त्यांना एकदा विचारले, "तात्या, तुम्ही अठ्ठावीस वर्षे रायफल रोज पुसलीत. तुमचं काही का झालं नाही?" त्यांना प्रश्न कळायला थोडा वेळ लागला. मग म्हणाले, "मास्तर, संध्याकाळी कोतात जमा व्हायची ना ती. नंबर बोलायचा, सही करायची, हात रिकामे. मग जेवायला." पलटणीत शस्त्रागाराला कोत म्हणतात. थोडे थांबून ते पुढे म्हणाले, "आप्पांकडं कोत नाही."

त्यांच्या या बोलण्याने मला विराटपर्वातली शमी आठवली. अज्ञातवासात शिरण्यापूर्वी पांडवांनी धनुष्यांच्या दोऱ्या उतरवल्या, शस्त्रे गुंडाळली आणि नगराबाहेर, स्मशानाजवळच्या शमीवर नेऊन बांधली. कोणी जवळ येऊ नये म्हणून झाडाला एक प्रेतही बांधून ठेवले. वर्षभर ते जगातले थोर योद्धे स्वयंपाक रांधीत, गाई राखीत, नाच शिकवीत राहिले. पुढे विराटाच्या गाई वळवून नेल्या तेव्हा अर्जुनाने उत्तराला शमीवर चढायला सांगितले. उत्तर म्हणाला, या झाडावर प्रेत आहे, मी राजपुत्र, मी हात कसा लावू? आम्ही मुलांना शिकवताना उत्तराच्या या बोलण्यावर हसतो. आता मला हसू येत नाही. शस्त्र आणि हात यांच्यामध्ये प्रेताची आठवण असावी, ही योजना ज्याने केली तो मोठा शहाणा होता. प्रेत ओलांडल्याखेरीज शस्त्र मिळू नये. गांडीव निरुपयोगी झाले नव्हते; उघडल्यावर ते सूर्यासारखे तळपले आणि काम झाले. पण ते उशाशी नव्हते. दसऱ्याला आपण शमीची पूजा करतो, ती शस्त्रे परत मिळाली म्हणून, असे सांगतात. मला वाटते, तिने ती वर्षभर सांभाळली म्हणूनही करावी.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी परवान्याची हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करण्याच्या नोटिसा निघाल्या, तशी आप्पांनाही आली. त्यांनी थोडी कुरकूर केली, पावती घेतली आणि रिव्हॉल्व्हर देऊन आले. त्या काळात एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो आणि कडी वाजवली. आतून आवाज आला, "कोण आहे?" मी पायरीवर क्षणभर उभा राहिलो आणि मग नाव सांगितले. निवडणूक संपल्यावर त्यांनी रिव्हॉल्व्हर परत आणले. ते त्यांचा हक्क आहे. पण हल्ली घरी असताना ते उशाशी ठेवीत नाहीत. पेढीवरच्या तिजोरीच्या आतल्या कप्प्यात, कुलपात, तेलाचा हात देऊन ठेवतात. घाटातून रोकड न्यायची असेल त्या दिवशीच बाहेर काढतात. हे वहिनींच्या आग्रहाने झाले की तात्यांच्या, हे मी विचारले नाही.

शस्त्र नसलेल्या वाचकाला हे सगळे परके वाटेल. पण आपल्या प्रत्येकाजवळ असे काही असते, जे भीतीपोटी आणलेले असते आणि काळजीने जपलेले असते. कोणाजवळ भावाविरुद्धच्या दाव्याची कागदपत्रे असतात, कोणाजवळ वीस वर्षांपूर्वी ऐकलेला एक अपमान, कोणाजवळ वेळ येईल तेव्हा बोलून दाखवायचे एक वाक्य. त्यावर काळाचे वंगण बसलेले असेतो ते कोणाला इजा करीत नाही. आपण एखाद्या रिकाम्या दुपारी ते काढतो, पुसतो, उजेडाकडे धरतो आणि मनात म्हणतो, "वा!" मग रोज पुसू लागतो. ते टाकून द्या असे मी म्हणणार नाही. कधीकधी दावा लढावाच लागतो आणि वाक्य बोलावेच लागते. पण संध्याकाळी ते कुठे तरी जमा करावे, सही करावी आणि रिकाम्या हातांनी जेवायला बसावे. दिवाळीला दार वाजेल, पाहुणे येतील. कोण आहे, असे आतून मोठ्याने विचारता आले पाहिजे.